‘सर्वोत्तम’ म्हणजे किती?

सेव्हिल येथे १९९७ साली सुरू झालेल्या युरोपीय संघाच्या कार्यालयातून औद्योगिक प्रदूषण रोखण्याच्या ‘सर्वोत्तम उपलब्ध तंत्रां’चे संदर्भग्रंथ निघतात. ते आम्हाला मोलाचे वाटतात. कारण धूर गाळावा कसा एवढेच नव्हे, तर तो मुळात कमी कसा व्हावा, हेही ते सांगतात. उणीव आहे ती आकड्यांत. कोळशाची भुकटी जाळणाऱ्या मोठ्या, जुन्या वीजकेंद्रांसाठी २०१७ मध्ये सल्फर डायऑक्साइडची वार्षिक सरासरी पातळी दर घनमीटरला १० ते १३० मिलिग्रॅम ठरली. म्हणजे तेरा पटींचे अंतर! परवान्यात १३० लिहिले, तरी नियम पाळला गेलाच. गाठता येईल तेवढी कडक मर्यादा घाला, असे २०२४ च्या दुरुस्तीने सांगितले, हे योग्यच झाले. वर्गात विचारून पाहा : काठावर उत्तीर्ण होणाऱ्याला ‘सर्वोत्तम’ म्हणावे का?