यादीतला पूर आणि दारातला पूर

‘पूर येण्याची शक्यता असल्यास घरात कोणती तयारी कराल?’ असा चार गुणांचा प्रश्न मी काही वर्षांपूर्वी सहामाहीला काढला होता. शाळा कृष्णाकाठची. अपेक्षित उत्तर माझ्यापाशी तयार होते. एका पत्रकावरून ते मी वर्गात लिहून दिले होते. टॉर्च, जादा सेल, मेणबत्त्या, काडेपेटी, ट्रान्झिस्टर, हवाबंद डब्यातील अन्न, तीन दिवसांचे पाणी, प्रथमोपचार पेटी. पन्नासेक मुलांनी ते जसेच्या तसे उतरवले आणि चारपैकी चार गुण घेतले. एका मुलाने मात्र असे लिहिले : ‘आधी गुरं सोडायची. मग आजीच्या गोळ्या आणि रेशनकार्ड पत्र्याच्या डब्यात घालायचं. गॅसची टाकी खांबाला बांधायची, नाहीतर ती तरंगत जाते.’ मी त्याला एक गुण दिला आणि ‘तरंगत जाते’ खाली लाल रेघ मारून पुढे प्रश्नचिन्ह काढले.

ते प्रश्नचिन्ह घरी आल्यावर मला टोचू लागले. म्हणून आकडेमोड केली. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच कोरलेले असते. ते साधारण १५ ते १६ किलो. म्हणजे भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास. टाकीत पाणी भरले तर ३३.३ लिटर मावते. पोलादाच्या जाडीचे आकारमान आणखी दोनेक लिटर. पूर्ण बुडाल्यास टाकी ३५ लिटर पाणी बाजूला सारणार, म्हणजे तिच्यावर ३५ किलो वजनाइतका वरच्या दिशेने रेटा येणार. वजन ३०, रेटा ३५. भरलेली टाकीसुद्धा तरंगणार! रिकामी तर तरंगेलच. टाकीतला द्रवरूप गॅस पाण्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक जड असतो, हे मला ठाऊक होते आणि आर्किमिडीजचा सिद्धांत मी दरवर्षी शिकवत होतो. तरी तो पोरगा बरोबर आणि मी चूक.

तेव्हापासून अशा याद्यांकडे मी जरा संशयाने पाहू लागलो. त्या खोट्या नसतात, दुसऱ्या कोणाच्या तरी घरासाठी लिहिलेल्या असतात. वर सांगितलेल्या पत्रकात ‘खिडक्यांना फळ्या ठोका’ अशीही एक सूचना होती. सांगलीच्या पुरात खिडकीला फळी ठोकून काय साधणार? ही सूचना मूळची हरिकेनची. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि कॅरिबियन बेटांवर येणारे हरिकेन, पूर्व आशियातले टायफून आणि आपले चक्रीवादळ ही एकाच जातीची वादळे. तिथे पहिला शत्रू वारा. तो खिडकी फोडून आत शिरतो आणि छप्पर उचलतो. म्हणून फळ्या. वादळ एका दिवसात पुढे सरकते आणि दोन-तीन दिवसांत मदत पोचेल असे गृहीत धरलेले असते, म्हणून तीन दिवसांचे पाणी. स्वयंपाकघरात डबाबंद अन्नाची सवय असते, म्हणून डबे. त्या मुलुखात ही यादी शहाणपणाची आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या लोकांनाही तिच्यातले बरेचसे कामी आले असते.

कृष्णेचा पूर वेगळा असतो. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी वाईवरून येते, माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना घेते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा घेते. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस आणि धरणांतून सोडलेले पाणी सांगलीच्या सपाट मुलखात येऊन पसरते आणि रेंगाळते. वारा नसतो, गर्जना नसते. पाणी आयर्विन पुलाच्या पट्टीवर फुटाफुटाने चढते : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ मध्ये ते ५३ फुटांच्या वर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर, जुलै २०२१ मध्ये ५४-५५ फुटांच्या घरात. आणि चढलेले पाणी एका दिवसात उतरत नाही. २०१९ साली आठवडाभर शहराचा मोठा भाग पाण्यात होता. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला. अशा ठिकाणी ‘तीन दिवसांचे’ हा आकडा फसवा आहे. बाहेर पडायला उशीर झाला की काय होते ते ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसले. लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि अनेक जण बुडाले. म्हणून यादीत पहिली ओळ कोणती असावी? माझ्या मते ती वस्तूची नसावी, आकड्याची असावी : पुलाजवळ किती फूट झाले की आमच्या उंबऱ्याला पाणी लागते? कृष्णाकाठची जुनी माणसे हा आकडा पाठ सांगतात. मुलांना तो विचारून यायला सांगा. वर्गातल्या चाळीस घरांचे चाळीस आकडे फळ्यावर मांडले की गावाच्या चढ-उताराचा नकाशाच तयार होतो, तोही एकही उपकरण न वापरता.

साताऱ्याच्या पश्चिमेकडे ही ओळही पुरत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच सुमारास पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर घरांवर आला. तिथे टॉर्च आणि मेणबत्त्या घेऊन घरात बसणे हीच चूक ठरते. डोंगराला नवी भेग दिसली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाडे किंवा खांब कलले, तर घर सोडायचे. ‘घराची तयारी’ म्हणजे काही ठिकाणी घर सोडण्याची तयारी, हे एकाच यादीत दोन्ही जिल्ह्यांना कोंबले की हरवते.

आता विजेकडे येऊ, कारण इथे याद्या सर्वांत तोकड्या पडतात. पुरात वीज ‘जाते’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती मुद्दाम बंद केलेली असते. उपकेंद्र, रोहित्र, घराचा मीटर पाण्याखाली जाऊ लागला की प्रवाह चालू ठेवणे जिवावर बेतते. पाणी ओसरल्यावरही ती लगेच येत नाही, येऊही नये. भिजलेल्या भिंतीतल्या तारा तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करणे म्हणजे ओल्या भिंतीला हात लावणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे. ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी तो घरच्या वायरिंगला परस्पर जोडला, तर रोहित्रातून उलटा दाब चढून खांबावरच्या वायरमनला धक्का बसू शकतो. हे वाक्य प्रत्येक पत्रकात ठळक अक्षरांत हवे. माझ्याजवळच्या पत्रकात ते नाही. मेणबत्तीबद्दल मात्र दोन ओळी आहेत.

‘इन्व्हर्टर असल्यास उत्तम’ एवढेच त्यात म्हटले आहे. उत्तम, पण किती वेळ? हे दहावीच्या मुलाला काढता येते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मे, ९०० वापरावेत. ७५ वॅटचा पंखा, ९ वॅटचे दोन दिवे आणि इन्व्हर्टरची स्वतःची भूक साधारण १५ वॅट धरली, तर एकूण १०८. आठ तासांत खेळ संपला. म्हणजे एक रात्र. आता गंमत पाहा. पंखा नाही, दिवा नाही, नुसता इन्व्हर्टर चालू ठेवला तरी त्या १५ वॅटनी दिवसाला ३६० वॅट-तास जातात आणि अडीच दिवसांत ९०० संपतात. तोच इन्व्हर्टर एरवी बंद ठेवून रोज पाच तास एकच दिवा लावला, तर सात दिवस निघतात. त्याच बॅटरीवर थेट १२ व्होल्टचा ९ वॅटचा दिवा जोडला तर वीस दिवस. वस्तू तीच, फरक फक्त हिशेबाचा. शिवाय ही बॅटरी पन्नास किलोहून जड, बहुतेक घरांत जिन्याखाली जमिनीवर ठेवलेली. पाणी घरात आले की पहिली तीच बुडते. ती उन्हाळ्यातच वर चढवायची, की ऐन पुरात शेजाऱ्याला हाक मारायची, हा प्रश्न कोणत्याही यादीत नाही.

औषधांबाबत तर चुकीचा सल्लाही फिरतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रीज बंद पडल्यास कुपी मातीच्या ओल्या भांड्यात ठेवावी, असे सांगतात. एप्रिलमध्ये सांगलीत हे अगदी बरोबर आहे. पण माठ गार होतो तो बाष्पीभवनाने आणि पुराच्या दिवसांत हवा बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. ओल्या आणि कोरड्या फडक्याच्या तापमापकांत तेव्हा फरकच उरत नाही. माठ हवेइतकाच राहतो. सुदैवाने ऑगस्टात हवाच फार तापत नाही आणि वापरात घेतलेली कुपी ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालते. म्हणजे भीती उकाड्याची नाही, कुपी संपण्याची आहे. दुकान पाण्यात असताना नवी कुपी कुठून आणणार? पावसाळ्याआधी महिन्याची औषधे घरात असणे, ही टॉर्चपेक्षा मोठी तयारी. वादळ फार दूरचे असले तरी एक आकडा सांगतो. सप्टेंबर २०१७ मध्ये पोर्तो रिको बेटावर ‘मारिया’ हरिकेन आले. सगळीकडे वीज परत यायला अकरा महिने लागले. मृतांचा सरकारी आकडा आधी ६४ होता. पुढच्या वर्षी अभ्यासानंतर तो २९७५ करण्यात आला. ही वाढ काही वाऱ्याने उडालेल्या माणसांची नव्हती. वादळानंतरच्या महिन्यांत, नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू मोजल्यावर ती दिसली. वीज नाही, उपचार नाहीत, औषध नाही, अशा स्थितीत माणसे हळूहळू गेली.

पाण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते असे वाटते, पण नसते. भोवताली पाणीच पाणी आणि नळ कोरडे, कारण पाणीपुरवठ्याचे पंप बुडालेले. पत्रक म्हणते ‘पाणी उकळून प्यावे’. कशावर? रॉकेल बहुतेक घरांतून गेले, सरपण भिजलेले, गॅसची टाकी खांबाला बांधलेली. तेव्हा क्लोरीन. हजार लिटर स्वच्छ पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचे. पण पुराचे पाणी गढूळ. त्यातली सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा, वरचे पाणी फडक्यातून गाळायचे, मग पावडर. आणखी एक खोच : झाकण सैल राहिलेल्या डब्यातली पावडर दमट हवेत निकामी होत जाते. दिसायला पांढरीच राहते. आरोग्यसेवक ओ.टी. चाचणी करून पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहतात. शाळेत पोटॅशियम आयोडाइड आणि भाताची पेज घेऊनही निळा रंग दाखवता येतो. जुन्या आणि नव्या पावडरीची तुलना करून दाखवा, मुले विसरणार नाहीत. उकळण्याबद्दल एक जाता जाता : महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तरी जंतू मरायला ते पुरेसे आहे.

अन्नाबद्दल थोडक्यात. हवाबंद डबे आपल्या घरात नसतात, आणि नकोतही. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, भडंग या जिन्नसांना चूल लागत नाही. प्रश्न धान्य कोरडे ठेवण्याचा. हरिपूरची हळदीची पेवे कोरडेपणासाठीच नावाजलेली. २००५ च्या महापुरात त्यांतही पाणी शिरले. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव चांगला असतो, पण तो मागच्या पुराच्या उंचीपर्यंतच.

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मध्ये शेवटचा पाठ आपत्ती व्यवस्थापनाचा आहे. त्याला न्याय द्यायला हवा : प्रथमोपचार आणि अभिरूप सराव हे भाग चांगले आहेत, कारण मुलांच्या हातांना तिथे काम मिळते. बाकीच्या पाठात आपत्तींचे प्रकार, टप्पे, व्यवस्थापनाची रचना असे जे येते, त्याची नजर मला कचेरीतून पाहणाऱ्याची वाटते. तिथून तालुका दिसतो, जिना दिसत नाही. आणि शेवटचा पाठ असल्याने तो वर्षअखेरीस घाईत उरकला जातो. पूर तर जुलै-ऑगस्टात येतो. मला विचाराल तर हा पाठ वेगळा नसावाच. प्लवनाच्या पाठात गॅसची टाकी यावी, विजेच्या पाठात इन्व्हर्टर, बाष्पीभवनाच्या पाठात ऑगस्टातला माठ. सगळे विज्ञान पुस्तकात आहेच, फक्त ते एकमेकांना भेटत नाही.

माझे एक सहकारी म्हणतात, ‘एवढे सगळे मुलांना सांगितले तर ती घाबरतील.’ काही घाबरतीलही. पण कृष्णाकाठच्या मुलाने पूर पाहिलेलाच असतो. त्याच्यापाशी भीती आधीच आहे, हिशेब नाही.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आणि टाकी तरंगते हे तुला कोणी सांगितले, असे विचारले. ‘कुणी नाही सर,’ तो म्हणाला, ‘आमचीच गेली होती.’ त्याचे गुण मी चार केले. गुरे सोडण्याचा मुद्दा माझ्या उत्तरात नव्हता, तो मी त्याच्याकडून लिहून घेतला.