‘इल्म’ ते ‘ङेल्मू’

अरबी धार्मिक शब्द दुसऱ्या भाषेत गेला आणि त्याचा उच्चार बदलला, की तो ‘बिघडला’ असे आपण सहज म्हणून टाकतो. हा समज कितपत खरा, हे तपासायचे तर इंडोनेशियातील जावानीज भाषेकडे पाहावे.

तेथे ‘इल्म’चा ‘ङेल्मू’ झाला, ‘दुआ’चा ‘दोङा’ झाला आणि ‘शरीअत’चा ‘सारेङात’. हा ‘ङ’ आपल्या ‘वाङ्मय’मधला. वरवर हा गोंधळ वाटेल. पण तिन्ही शब्दांत मूळ अरबी ‘ऐन’ आहे. घशातला तो ध्वनी जावानीजमध्ये नव्हता. शब्दाच्या आरंभीही येणारा ‘ङ’ मात्र होता. त्याने ‘ऐन’ची जागा घेतली. योग्यकर्ताच्या सुलतानांच्या परंपरागत बिरुदावलीतही ‘ङब्दुर्रहमान’ आढळते. जावानीजसाठी वापरल्या जाणाऱ्या पेगोन या अरबी वळणाच्या लिपीत तर ‘ऐन’वर तीन नुक्ते दिले की ‘ङ’ होतो!

इतर अक्षरांचेही तसेच. ‘फे’चा ‘प’ झाला म्हणून ‘काफिर’चा ‘कापिर’. ‘झे’चा ‘ज’ झाला म्हणून ‘जकात’. सुलतान आगुंग यांनी १६३३ मध्ये शकाचा आकडा तसाच पुढे चालू ठेवून चांद्र कालगणना स्वीकारली. त्या पंचांगात ‘सफर’ महिना ‘सापार’ आहे.

उच्चाराबरोबर अर्थही रुजला. इंडोनेशियन भाषेत ‘इल्मू’ म्हणजे विद्या, शास्त्र. जावानीज ‘ङेल्मू’ला मात्र आत्मिक, गूढ ज्ञानाची छटा आहे. मंगकुनगारा चौथे (१८११-१८८१) यांच्या नावावर असलेल्या ‘सेरात वेधातामा’ या काव्यात ‘ङेल्मू’ आचरणातूनच साधते, असा उपदेश आहे. तेथे ‘ङेल्मू’च्या जागी शुद्ध अरबी ‘इल्म’ घातला, तर ती छटाच हरवेल.

आता आपल्याकडे पाहू. आपले असे बहुतेक शब्द फारसीच्या वाटेने आले. आपणही ‘इल्म’ आणि ‘दुआ’ म्हणताना ‘ऐन’ उच्चारत नाही. जावानीजांनी ‘ऐन’ला निदान नवे घर दिले, आपण तो वाटेतच सोडला. ‘जकात’ तर मराठीत नाक्यावरचा कर झाली! मग हसायचे कोणी कोणाला?

कुराणपठणात तज्वीदचे नियम पाळायलाच हवेत. तो प्रांत वेगळा. पण घरातल्या बोलीवरून एखाद्याचे इमान जोखणे अन्यायाचे आहे. ‘दोङा’ मागणारा जावानीज आणि मराठी बोलणारा मुसलमान, दोघांनाही हा अन्याय सारखाच लागू होतो. धर्म स्वीकारणाऱ्याने आपली जीभ बदलावी, अशी अट कोणी घातलेली नाही.