'चकमक' : अर्थ आणि व्युत्पत्ती

'चकमक' या शब्दाचा अर्थ 'गारगोटी' एवढाच सांगून थांबण्याची प्रथा रूढ आहे. व्युत्पत्तीचा प्रश्न निघाला की 'चकचक', 'झगमग' यांच्या पंक्तीत बसवून तो अनुकरणवाचक ठरविला जातो. ही दोन्ही मते तपासून घ्यावयास हवीत. कारण पहिल्या चुकीतूनच दुसरी उद्भवली आहे.

काडेपेटी सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी विस्तव पाडण्यास पोलादाचा तुकडा, गार आणि ठिणगी धरणारा सावरीचा कापूस अशा तीन वस्तू लागत. पैकी गार माण-खटाव, आटपाडी-जतच्या माळांवर दुर्मीळ नाही. काळ्या पाषाणातील पोकळ्यांत साचलेली स्फटिकी खनिजे खडक झिजल्यावर मोकळी होऊन विखुरतात. गार पोलादाहून कठीण असते. आघाताने पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जातात आणि तापून हवेत पेट घेतात. ठिणगी पोलादाची असते, दगडाची नव्हे.

'चकमकीची गार' हा प्रयोग येथे साक्षीला घ्यावा. चकमक म्हणजेच गार असती, तर यातील षष्ठीला प्रयोजन उरले नसते. तुर्की भाषेत 'चाकमाक' या क्रियापदाचा अर्थ ठोकणे, आघात करणे असा आहे. नाम म्हणून तोच शब्द ठिणगी पाडणाऱ्या साधनाला लागतो; तेथे आजच्या लायटरलाही हेच नाव आहे. दगडाला मात्र 'चाकमाक ताशी', म्हणजे चकमकीचा दगड, असे वेगळे म्हटले जाते. 'तोफ', 'चाकू', 'कैची' हे तुर्की शब्द फारसीमार्गे मराठीत आले; 'चकमक'ही त्याच वाटेची. नादसादृश्यामुळे शब्द रुजण्यास साहाय्य झाले असेल, परंतु ते उगमाचे प्रमाण होऊ शकत नाही.

लहानशी लढाई हा अर्थ लाक्षणिक आहे. दोन कठीण पदार्थांचा क्षणिक आघात ही मूळ कल्पना त्यात टिकून आहे. सातारा-सांगलीच्या वाचकाला आता हाच अर्थ प्रथम आठवतो : १९४६ मध्ये मणदूर येथे प्रतिसरकारचे किसन अहिर व नानकसिंग पोलिसांशी झालेल्या चकमकीत हुतात्मा झाले. 'चकमक उडाली' यातील क्रियापद ठिणगीचे आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण 'खटका'ही उडतोच. तेव्हा या पुराव्यावर फार भार टाकू नये. कोशकारांनी मात्र पोलाद हा अर्थ प्रथम, पोलाद-गार-कापूस हा संच दुसरा आणि केवळ गार हा त्यानंतरचा, असा क्रम लावणे अधिक युक्त होईल.