पडद्यावर डॉन, दप्तरात मोहाची फुलं

‘दमण बनावटीचा मद्यसाठा जप्त’ ही बातमी तलासरी-डहाणूकडचा वाचक वर्षानुवर्षं वाचतो आहे. महामार्गावर सापळा, टेम्पोत खोकी, चालक ताब्यात, मुद्देमालाची किंमत, की बातमी संपली. माल कुणी भरला, कुणाकडे निघाला होता, हे क्वचितच छापून येतं. पडद्यावर याच्या उलट. ‘दीवार’पासून (1975) ‘रईस’पर्यंत (2017) धंद्याचा धनी ठसठशीत उभा राहतो आणि खोकी वाहणारा गर्दीत विरून जातो.

‘उडता पंजाब’ (2016) म्हणूनच मोलाचा वाटतो. सीमेपलीकडून भिरकावलेलं पुडकं शेतात पडतं, शेतमजूर मुलीच्या हाती लागतं आणि तिच्या आयुष्याची फरफट सुरू होते. ब्रिटनमधल्या चॅनल फोरच्या ‘ट्रॅफिक’ मालिकेत (1989) अफू पिकवणारा पाकिस्तानी शेतकरी कथेच्या गाभ्यात होता. हॉलिवूडने 2000 साली त्यावरून सिनेमा केला, चार ऑस्कर मिळवली, पण तो शेतकरी गाळला. कथा त्यामुळे वेगवान झाली आणि उथळही.

तळातल्या अशा माणसांच्या कथा लिहायला साधनं नाहीत, ही सबब आता चालणार नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’, इंटरनेट अर्काइव्हवरचे 1893च्या अफू आयोगाचे खंड, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खुला केलेला भांग-गांजा आयोगाचा अहवाल, 1882चं ठाणे गॅझेटिअर, हे सारं घरबसल्या वाचता येतं. फक्त शोधताना जुनी इंग्रजी स्पेलिंगं माहीत हवीत. मोहाची फुलं तिथे ‘म्हौरा’ या नावाखाली दडलेली असतात.

या कागदांत आपला मुलूख ठायी ठायी भेटतो. कंपनी सरकारला माळव्याच्या अफूवर मुंबईत कर हवा होता. तो चुकवायला व्यापाऱ्यांनी ती राजपुताना, सिंध, कराचीमार्गे पोर्तुगीज दमणला नेली आणि तिथून चीनला. 1843मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यावर ही वाट तुटली. तलासरीच्या शेजारचं हे बंदर दारूच्या खोक्यांआधी अफूच्या पेट्यांनी गजबजलं होतं.

पुढचा अध्याय जास्त जिव्हारी लागणारा आहे. 1878च्या अबकारी कायद्याने गावठी दारू गाळण्यावर टाच आणली. 1892च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, ज्यांपासून ती गाळत ती मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध घातले. चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, टंचाईत शिजवून खायची, हा वारली आदिवासींचा रिवाज. ते टोपलं एका फटक्यात संशयाचा मुद्देमाल झालं. डहाणूच्या जंगलपट्टीत ‘तस्कर’ असा कायद्याने घडवला गेला, आणि हे कुठल्याही वेबमालिकेच्या पहिल्या भागाला पुरेल.

अर्थात या फायली महसूल खात्याच्या लेखणीतून उतरल्या आहेत. त्यांत गल्ला मोजलेला आहे, भूक मोजलेली नाही. त्यांच्याशेजारी वारल्यांमध्ये काम केलेल्या गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ठेवलंच पाहिजे. वारल्यांचं जिणं तिथे आतून दिसतं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दप्तरं चाळली आणि ते गावोगावच्या म्हाताऱ्यांशीही बोलले, तेव्हा 1922च्या देवी चळवळीचं चित्र उभं राहिलं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत देवी अंगात येऊ लागली, मग ती डोंगरांत आणि सुरत जिल्ह्यात पसरली. दारू-ताडी सोडा, दारू विकणाऱ्या पारशी सावकारांशी व्यवहार तोडा, असं ती सांगत होती. हजारोंनी ते ऐकलं. अमली पदार्थांवरच्या एकाही मराठी वा हिंदी चित्रपटात हा प्रसंग माझ्या पाहण्यात आलेला नाही.