शाळेच्या आवारातील रहस्य

गुन्ह्याची चौकशी करणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा लागतो, हवे तेव्हा हवे तेथे जाण्याची मोकळीक असावी लागते, आणि प्रकरणाचा निकाल लागल्यावर संशयितांचा निरोप घेऊन निघून जाण्याची सोयही असावी लागते. शेरलॉक होम्सपासून हर्क्युल प्वारोपर्यंतच्या नामांकित अन्वेषकांना ही तिन्ही सुखे लाभली होती, म्हणूनच त्यांच्या बुद्धीला इतका निर्वेध संचार करता आला. सोळा-सतरा वर्षांच्या शाळकरी मुलीला यांतले काहीच मिळत नाही. तिला कोणाची जबानी घेण्याचा हक्क नाही, तासाची घंटा झाली की संशयिताला सोडून वर्गात जाऊन बसावे लागते, आणि ज्याच्यावर तिने आरोप केला तो निरपराध ठरला तरी त्याच्याच शेजारच्या बाकावर तिला उरलेले वर्ष काढायचे असते. हायस्कुलात घडणाऱ्या कुमारवयीन रहस्यकादंबरीचे सारे सामर्थ्य या असहायतेत आहे, असे माझे मत आहे; आणि गेल्या काही वर्षांत इंग्रजीत या प्रकाराला जो अपूर्व बहर आला आहे तो पाहताना आनंदाबरोबर काळजीही वाटते, ती एवढ्याचसाठी की ही असहायता लेखकांना अडचणीची वाटू लागली आहे आणि तिच्यातून आपल्या नायक-नायिकांची सुटका करण्याकडे त्यांचा कल वाढतो आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. 1927 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘हार्डी बॉइज’ मालेतले भाऊ बेपोर्ट हायस्कुलाचे विद्यार्थी खरे, परंतु त्यांचे पराक्रम बहुधा सुटीत व शाळेबाहेर घडतात. 1930 मध्ये अवतरलेली नॅन्सी ड्रू तर शाळेतून मोकळीच झालेली, स्वतःची मोटार हाकणारी आणि वकील बापाच्या कचेरीत वाटेल तेव्हा शिरणारी. ब्रिटनमध्ये अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांनी 1959 च्या ‘कॅट अमंग द पिजन्स’मध्ये मुलींच्या वसतिशाळेत खून घडवले आणि टेनिसच्या रॅकेटीत दडवलेली रत्ने ज्यूलिया अपजॉन या विद्यार्थिनीच्या हाती लागू दिली; पण रत्ने सापडताच ती मुलगी प्वारोकडे धाव घेते, आणि तेथून पुढचा अंमल त्याचा. मुलांच्या हाती तपास असेल तेव्हा शाळा गैरहजर, आणि शाळा हजर असेल तेव्हा तपास वडीलधाऱ्यांकडे, अशी ती विभागणी होती.

ती मोडण्याचे श्रेय मी लोईस डंकन यांना देतो. त्यांच्या ‘किलिंग मिस्टर ग्रिफिन’ या 1978 च्या कादंबरीत अपराधी कोण हे वाचकापासून मुळी लपवलेलेच नाही. इंग्रजीच्या एका कडक शिक्षकाला भीती घालावी म्हणून काही विद्यार्थी त्याचे अपहरण करतात, डोंगरात एकान्त जागी बांधून ठेवतात, आणि हृद्रोगावरचे औषध वेळेवर न मिळाल्यामुळे तो तेथेच मरतो. यानंतरची सगळी कादंबरी म्हणजे एका असत्याला टेकू देण्यासाठी रचलेल्या दुसऱ्या असत्यांची चळत आहे. तिच्यातली सुझन ही अबोल, अभ्यासू, मैत्रीवाचून झुरणारी मुलगी या कटात का सामील होते, तर शाळेतल्या प्रतिष्ठित मुलांनी तिला आयुष्यात प्रथमच हाक मारली म्हणून. इतके क्षुल्लक आणि इतके खरे कारण रहस्यवाङ्मयात फार थोड्या गुन्हेगारांना मिळाले असेल. ग्रिफिनचा कठोरपणा हा विद्यार्थ्यांविषयीच्या आस्थेतून आलेला होता हे वाचकाला कळते, पण ज्यांना कळायला हवे होते त्यांना उशिरा कळते. शाळेच्या व्यवस्थेतच गुन्ह्याचे बीज आहे, प्रतिष्ठेची उतरंड, गुणांची दहशत, घोळक्याबाहेर पडण्याचे भय यांतून तो उगवतो, हे डंकन यांनी कोठेही व्याख्यान न देता दाखवले. अमेरिकेत अनेक ठिकाणी हे पुस्तक शालेय ग्रंथालयातून काढून टाकावे अशा तक्रारी वारंवार झाल्या, हे समजण्यासारखे आहे. शाळेला आपले प्रतिबिंब त्यात दिसले असावे.

मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेने एडगर पारितोषिकांत कुमारवयीन कादंबरीसाठी स्वतंत्र विभाग केला तो 1989 मध्ये. त्याच वर्षीच्या जुलैत डंकन यांच्या अठरा वर्षांच्या धाकट्या मुलीची अ‍ॅल्बुकर्की येथे गोळी घालून हत्या झाली. त्यांनी पुढे त्या हत्येवर पुस्तक लिहिले आणि कुमारांसाठी भयरहस्य लिहिण्यापासून बव्हंशी निवृत्ती घेतली. 1997 मध्ये त्यांच्याच ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ या कादंबरीवरून रक्तपाताने भरलेला चित्रपट निघाला तेव्हा त्या व्यथित झाल्या. त्यांच्या कादंबरीत मृत्यूला वजन होते. आजच्या पुस्तकांची परीक्षा मी याच कसोटीवर करतो, आणि ती अन्यायाची आहे असे मला वाटत नाही.

आजच्या बहराचा आरंभ सामान्यतः कॅरन मॅकमॅनस यांच्या 2017 च्या ‘वन ऑफ अस इज लाइंग’पासून धरता येईल. बेव्ह्यू हायस्कुलात शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर थांबवून ठेवलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी सायमन हा, जो मोबाइलवरील एका अ‍ॅपद्वारे सहाध्यायांच्या कुलंगड्या चव्हाट्यावर मांडीत असे, शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीने मरतो, आणि उरलेले चौघे संशयित ठरतात. चौघांनी आळीपाळीने सांगितलेली ही कैफियत विलक्षण वेगवान आहे. प्रत्येकाला आपले गुपित झाकायचे असल्यामुळे निरपराधही अपराध्यासारखे वागतात, ही योजना कुशल आहे. परंतु निकाल उघड केल्याशिवाय समीक्षा होत नाही, म्हणून सांगतो : सायमनने स्वतःच आपला मृत्यू घडवून आणून तो इतरांच्या माथी मारण्याचा बेत केला होता. एका निराश, एकाकी मुलाची आत्महत्या हा या पुस्तकाच्या गाभ्याचा विषय व्हायला हवा होता. तो उकलीच्या प्रकरणात काही पानांत आटोपला जातो, सायमन खलपुरुष ठरतो, आणि प्रेमकथा मार्गी लागतात. ज्या शाळेत असा मुलगा वर्षानुवर्षे वावरला तिला कोणीच जाब विचारीत नाही. डंकन यांनी सुझनला जेवढा न्याय दिला त्याच्या दशांशही सायमनच्या वाट्याला आला असता, तर ही कादंबरी थोर झाली असती.

होली जॅक्सन यांची ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ (2019) मला अधिक आवडते. पिप ही विद्यार्थिनी पाच वर्षांपूर्वीच्या एका खुनाचा शाळेतल्या स्वतंत्र प्रकल्पासाठी अभ्यास करते. गावाने ज्याला खुनी ठरवून टाकले तो साल सिंग मेलेला आहे, आणि त्याचा भाऊ रवी गावाचा तिरस्कार सोसत जगतो आहे. प्रकल्पाच्या नोंदी, मुलाखतींची टिपणे, संशयितांची वाढत जाणारी यादी या दस्तऐवजांतून कथा पुढे सरकते, आणि शाळेने लावलेली शिस्तच येथे अन्वेषणाचे साधन होते. अधिकार नसलेल्या मुलीला ‘प्रकल्पासाठी विचारते आहे’ एवढेच निमित्त पुरते, ही कल्पना मार्मिक आहे. मात्र अमेरिकेतील आवृत्तीसाठी इंग्लंडातले हे गाव सरळ कनेक्टिकट राज्यात हलवले गेले, आणि कथेचे फारसे काही बिघडले नाही. जी शाळा असा सहज मुक्काम हलवू शकते तिची मुळे जमिनीत कितीशी गेलेली असणार? तीन भागांच्या या मालेच्या अखेरीस तर पिप स्वतः हत्या करते व तिचा आळ दुसऱ्यावर ढकलते. न्यायसंस्थेवरचा लेखिकेचा रोष मला समजतो व पटतोही, पण येथवर येईतो शाळा मागे पडलेली असते, आणि पिपची असहायता, जिच्यावर पहिला भाग उभा होता, तीही.

मॉरीन जॉन्सन यांच्या ‘ट्रूली डेव्हिअस’ त्रयीत (2018 ते 2020) व्हर्माँटच्या डोंगरातली धनाढ्य वसतिशाळा आणि 1936 चे जुने अपहरण यांची वीण सुबक आहे. सुबकपणापलीकडे तिच्याविषयी मला फारसे म्हणायचे नाही. फरीदा आबिके-इयिमिदे यांची ‘एस ऑफ स्पेड्स’ (2021) मात्र शाळेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. एका खासगी विद्यालयातल्या दोन कृष्णवर्णी विद्यार्थ्यांचा निनावी संदेशांनी छळ होतो, आणि त्यामागे संस्थाच आहे असे निष्पन्न होते. धाडस मोठे आहे. तरी कट जसजसा अक्राळविक्राळ होत जातो तसतसा वर्णद्वेषाचा रोजचा, फाइलीत आणि शेऱ्यात वावरणारा, सभ्य चेहऱ्याचा व्यवहार दृष्टीआड होतो, आणि त्याचीच भीती अधिक वाटायला हवी होती.

या दृष्टीने जपानी लेखकांनी गाठलेला पल्ला पाहण्याजोगा आहे. होनोबू योनेझावा यांच्या 2001 च्या ‘ह्योका’मध्ये खून नाही, पोलीस नाहीत. बनारसहून आलेल्या बहिणीच्या पत्रावरून ओरेकी हा निरुत्साही मुलगा कामियामा हायस्कुलाच्या अभिजात साहित्य मंडळात दाखल होतो, आणि चितांदा या मैत्रिणीच्या मामाचे तेहतीस वर्षांपूर्वी शाळेत काय झाले हे मंडळाच्या जुन्या अंकांतून शोधू लागतो. आख्यायिका सांगते की तो मामा विद्यार्थी आंदोलनाचा शूर नेता होता. जुने दप्तर चाळून आणि त्या काळी विद्यार्थिनी असलेल्या ग्रंथपाल बाईंना विचारून जे हाती येते ते वेगळे आहे : नेतेपण त्याच्यावर लादले गेले होते, आणि शाळेने शिक्षेसाठी एक नाव मागितले तेव्हा त्याचे नाव पुढे करून बाकीचे गप्प राहिले. येथे अपराधी कोण? व्यवस्थापन, आणि त्याबरोबर त्या मामाचा जयजयकार करणारा सगळा विद्यार्थीसमुदाय. अटक कोणाला करायची नसल्यामुळे उरते ते फक्त जाणणे, आणि ते चितांदाला असह्य होते. मियुकी मियाबे यांच्या ‘सॉलोमनची खोटी साक्ष’ (2012) या प्रचंड कादंबरीत तर 1990 च्या नाताळात शाळेच्या आवारात बर्फाखाली सापडलेल्या सहाध्यायाच्या मृत्यूवर माध्यमिक शाळेतली मुलेच न्यायालय भरवतात. न्यायाधीश, वकील, ज्यूरी सारे तेच. अधिकार नसताना न्यायाची प्रक्रिया किती काटेकोरपणे पाळता येते, हे त्या मुलांनी मोठ्यांना दाखवले आहे. कादंबरी लांबली आहे हे खरे, परंतु ती लांबी प्रत्येक साक्षीदाराचे पूर्ण ऐकून घेण्याची आहे.

मराठीत याला समांतर काय आहे? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनाचा विद्यार्थी, आणि त्याच्यावर वाढलेल्या पिढ्यांचे त्याच्याशी ऋणानुबंध आहेत. परंतु त्याची सायकल बहुधा शाळेच्या फाटकातून बाहेर धावते, गुन्हा गावात, घाटात, गडावर घडतो. दुसऱ्या बाजूला मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ (2004) या कादंबरीने आणीबाणीच्या काळातल्या वर्गाची, बाकाची, मास्तरांच्या वचकाची जी बारीक नोंद केली आहे तिची बरोबरी वर उल्लेखिलेल्या कोणत्याही इंग्रजी पुस्तकाला करता येणार नाही. पण ती रहस्यकादंबरी नव्हे, आणि तिने तसे असण्याची गरजही नव्हती. या दोन वाटा एकत्र आल्या नाहीत, याची मला खंत वाटते. 2017 मध्ये फास्टर फेणेवर निघालेल्या चित्रपटाने त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गैरव्यवहाराशी झुंजवले, तेव्हा निदान चित्रपटाच्या कर्त्यांना तरी उमगले होते की आपल्याकडे मुलांच्या आयुष्यावर सर्वांत मोठा अंमल गाजवणारी संस्था परीक्षा ही आहे. फुटलेली प्रश्नपत्रिका, बदललेली उत्तरपत्रिका, अडवून ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला, हजेरीपटावर एके दिवशी लाल रेघ ओढून कमी केलेले एखाद्या मुलीचे नाव आणि ती कोठे गेली हे विचारण्याची तसदी न घेणारी कचेरी, ही सामग्री आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. ते नाव कोणाचे होते एवढे विचारायला आठवीतली एखादी मैत्रीण मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहते आणि तिला वर्गात परत पाठवले जाते, या प्रसंगापासून सुरू होणारे मराठी पुस्तक मला वाचायचे आहे.