पैसा, कायदा आणि कॅलिफोर्नियाचा किनारा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "एखादं श्रीमंत फाउंडेशन स्वतःच्या पैशाने समुद्र वाचवतंय, तर त्यात टीका करण्यासारखं काय आहे?" प्रश्न प्रामाणिक आहे. हवेत बोलण्यापेक्षा आज एकच उदाहरण घेतो, कॅलिफोर्नियाचं.

ह्यूलेट-पॅकार्ड ही कंपनी आपल्याला प्रिंटरमुळे माहीत. तिच्या दोन संस्थापकांपैकी डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांच्या पत्नी ल्युसिल यांनी १९६४ मध्ये फाउंडेशन काढलं. त्यात समुद्र आला तो घरातूनच. मुलगी नॅन्सी सागरी जीवशास्त्र शिकलेली, धाकटी ज्युली समुद्री शेवाळाची अभ्यासक. मॉन्टेरे गावात सार्डिन मासा डबाबंद करणारे कारखाने होते. मासा संपला तसे ते एकेक करून बंद पडले. त्यातल्याच एका कारखान्याच्या जागेवर पॅकार्ड कुटुंबाच्या पैशाने १९८४ मध्ये मत्स्यालय उभं राहिलं. ही माणसं समुद्रावर खरंच प्रेम करणारी आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे बोलणार आहे ते कुणाच्या हेतूबद्दल नाही.

आता कायद्याकडे येऊ. १९९९ मध्ये राज्याने सागरी जीव संरक्षणाचा कायदा केला. किनाऱ्यावर इथे तिथे विखुरलेल्या संरक्षित जागांचं एक सलग जाळं विणायचं, अशी कल्पना. पहिल्या प्रयत्नात शास्त्रज्ञांनी आपसात बसून नकाशे काढले आणि २००१ मध्ये ते लोकांपुढे ठेवले. मच्छीमार भडकले, नकाशे गुंडाळले गेले. दुसऱ्या प्रयत्नात लोकांना समित्यांवर घेतलं, पण २००४ उजाडता उजाडता सरकारकडचे पैसेच संपले. कायदा पुस्तकात, समुद्र जागच्या जागी. (आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्याची अधिसूचना १९८७ ची. मालवणकरांना यातलं फार समजावून सांगावं लागणार नाही.)

इथे फाउंडेशनं आली. अमेरिकेत खाजगी फाउंडेशनला कायदा व्हावा म्हणून लॉबिंगवर पैसा खर्च करता येत नाही. मात्र झालेला कायदा अमलात आणायला देता येतो. सागरी कार्यक्रमाच्या प्रमुखाचं कसब नेमकं इथे लागतं: कुठे पैसा घातला तर अडकलेलं चाक फिरेल, हे ओळखणं. २००४ मध्ये राज्याचं संसाधन खातं, मासेमारी आणि शिकार खातं आणि रिसोर्सेस लेगसी फंड फाउंडेशन यांच्यात करार झाला. पॅकार्ड, मूर वगैरे फाउंडेशनांचा पैसा या शेवटच्या संस्थेमार्फत आला. एकूण खर्चाचा सुमारे निम्मा भार खाजगी पैशाने उचलला. किनाऱ्याचे विभाग पाडले. प्रत्येक विभागात स्थानिकांचा गट, शास्त्रज्ञांचं पथक आणि वर राज्याने नेमलेला उच्चाधिकार गट. शेवटचा शब्द सरकारी आयोगाचा. फाउंडेशनचा माणूस कुठल्याच मतदानात नाही. पण कर्मचारी, मध्यस्थ, नकाशांचं सॉफ्टवेअर आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळापत्रक, हे त्या पैशाबरोबर आलं.

आणि काम झालं! डिसेंबर २०१२ मध्ये जाळं पूर्ण झालं. १२४ संरक्षित क्षेत्रं, राज्याच्या सागरी हद्दीचा सुमारे १६ टक्के भाग. जे सरकारला दोनदा जमलं नाही ते झालं. मी याला यशच म्हणतो.

मग अडचण कुठे आहे? शास्त्रज्ञांनी मापं घालून दिली होती. प्रत्येक क्षेत्राची किनाऱ्यालगतची लांबी निदान ५ ते १० किलोमीटर, आणि दोन क्षेत्रांमधलं अंतर ५० ते १०० किलोमीटरच्या आत, म्हणजे माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर एकातून दुसऱ्यात पोचतील. विज्ञान चांगलं होतं. पण पिल्लांच्या प्रवासाला जागा असलेल्या त्या तक्त्यात, त्याच खडकांवर पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ आणि शिंपले गोळा करणाऱ्या मूलनिवासींना रकानाच नव्हता. कायदा ओळखत होता धंद्यासाठी मासेमारी करणाऱ्याला आणि हौशी माणसाला. सणासाठी शिंपले काढणारी आजी यात कुठे बसवायची? हौशी म्हणून!

स्टुअर्ट्स पॉइंट ही जागा काशिया पोमो लोकांना पवित्र. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांनी जमिनीवर पहिलं पाऊल टाकलं ते तिथे. १ मे २०१० पासून तिथून काहीही काढायला बंदी आली. अपवाद नंतर झाला. त्याच जुलैत फोर्ट ब्रॅगला अनेक जमातींचे लोक मिरवणुकीने उच्चाधिकार गटाच्या सभेत शिरले आणि सभा शांतपणे ताब्यात घेतली. २०१२ मध्ये आयोगाने उत्तर किनाऱ्यावर पारंपरिक वापर मान्य केला, पण ज्या जमातींनी वापराचा लेखी पुरावा दिला त्यांच्यापुरता. किनारा ज्यांच्याकडून गेला, पुरावाही त्यांनीच द्यायचा.

माझा मुख्य आक्षेप असा आहे. फोर्ट ब्रॅगच्या त्या सभागृहात लोक ज्यांच्याशी भांडले ते सरकारने नेमलेले लोक होते. ज्या कार्यक्रमाच्या पैशाने ही सगळी यंत्रणा चालली, त्याच्याशी भांडायची जागाच नव्हती. आमदाराला पाडता येतं, अधिकाऱ्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. फाउंडेशनचा प्रमुख उत्तर देतो त्याच्या विश्वस्तांना, आणि विश्वस्तांपुढे मांडायला सोयीचं असतं ते क्षेत्रांची संख्या, टक्केवारी, तारीख. जमातींशी बसून विश्वास कमवायला लागलेली चार वर्षं त्या स्लाइडवर मावत नाहीत. म्हणून ती वर्षं बजेटमध्येही येत नाहीत.

दक्षिण किनाऱ्याच्या गटाच्या अध्यक्षपदी पश्चिमेकडच्या राज्यांतल्या पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेच्या प्रमुख होत्या. यात बेकायदेशीर काही नव्हतं. पण संरक्षित क्षेत्रांचे नियम मुख्यतः समुद्रातून जीव काढण्यावर होते, तेल आणि सांडपाणी त्यांच्या कक्षेबाहेर. मच्छीमारांना संशय आला, तर त्यांना अडाणी कसं म्हणणार?

पुढचं समुद्रानेच सांगितलं. २०१३ पासून तारामासे रोगाने मरू लागले. २०१४ ते २०१६ पाणी तापलं. तारामासे गेले तसे जांभळे सी अर्चिन, म्हणजे ते काटेरी गोळे, बेसुमार वाढले आणि उत्तर कॅलिफोर्नियातली केल्पची, म्हणजे उंच समुद्री शेवाळाची, नव्वद टक्क्यांहून जास्त जंगलं फस्त झाली. २०१८ मध्ये ॲबलोनी शिंपले काढायला बंदी आली. नकाशावरची रेघ गरम पाणी अडवत नाही, हा काही नकाशा काढणाऱ्यांचा दोष नव्हे. पण अशा वेळी रोज किनाऱ्यावर असणारी, बदल आधी ओळखणारी माणसं सोबत लागतात. त्यांनाच सुरुवातीला बाहेर ठेवलं होतं.

राज्याने हे नंतर मानलं असावं. जमातींना किनाऱ्याच्या देखरेखीत घेणारं जाळं आता सरकारी पैशाने चालतं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उत्तर टोकावरच्या तीन जमातींनी मिळून सुमारे ७०० चौरस मैल समुद्र आणि किनारा आपल्या देखरेखीखाली असल्याचं स्वतःच जाहीर केलं. त्यासाठी त्यांनी ना राज्याची परवानगी मागितली, ना केंद्राची.

इथे थांबतो. पहिला प्रश्न कुणाचा?