परभाषी शत्रू आणि सातवे द्वार

इ. स. पूर्व ४६७ मध्ये अथेन्स येथे सादर झालेल्या एस्किलसच्या ‘थीब्जवर सात’ या नाटकावर एक आक्षेप घेतला जातो : नगररक्षणाचे नाटक असूनही त्यात युद्ध दिसत नाही, हेर वर्णन करतो, राजा एतिओक्लीस उत्तर देतो आणि नाट्य थबकते. नाटकातील भाषाव्यवहार पाहिला असता हा आक्षेप टिकत नाही.

प्रारंभीच्या प्रार्थनेत एतिओक्लीस थीब्जला ग्रीक वाणी बोलणारे नगर म्हणतो. पुढे भयभीत स्त्रियांचा वृंद देवांना विनवितो, की नगर परभाषी सैन्याच्या हाती देऊ नये. वस्तुतः चालून आलेले आर्गॉसचे सैन्यही ग्रीकच आहे. आर्गॉसची डोरिक व थीब्जची बीओशियन यांतील बोलीभेदाने या विशेषणाचा उलगडा करता येईल. परंतु राजाच्या प्रार्थनेत ग्रीक वाणीच पणाला लागलेली असल्याने तो अपुरा ठरतो. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्स जाळले होते. त्या स्मृतीची छाया या शब्दांवर पडली असावी.

या परकेपणावरच पुढील संरक्षण उभे आहे. टायडियसच्या ढालीवर तारांकित रात्र आहे. ती मृत्यू होऊन त्याच्याच डोळ्यांवर उतरेल, असा अर्थ एतिओक्लीस लावतो. चिन्ह शत्रूचे, अर्थ रक्षकाचा. सहाव्या ॲम्फिअरॉसची ढाल मात्र कोरी आहे; तेथे उलटविण्यास काहीच नाही, आणि राजा त्या शत्रूच्या सज्जनपणाची प्रशंसाच करतो. शिवाय परभाषी म्हटलेल्या या सैन्याच्या तीन ढालींवर अक्षरे आहेत; त्यांचा अर्थ कळण्यास दुभाषा लागत नाही.

सातव्या द्वारी सख्खा भाऊ पॉलिनायसीस उभा आहे. न्यायदेवता त्याला स्वगृही आणीत असल्याचे त्याची ढाल सांगते. भावाच्या नावातील ‘कलह’ या अर्थावर बोट ठेवून एतिओक्लीस हा दावा खोडतो. दावा खोडला जातो, नाते खोडले जात नाही. तो स्वतःच त्या द्वाराकडे निघतो. आणि ज्या स्त्रियांना त्याने भित्र्या म्हणून दटावले होते, त्याच आता त्याला विवेक सांगतात. तो ऐकत नाही. नगर वाचते, भाऊ परस्परांच्या हातून पडतात.

तात्पर्य, नाटकातील खरी क्रिया या संवादांतच घडते. सहा द्वारांवर उपयोगी पडलेले परकेपण सातव्या द्वारी निराधार ठरते, आणि त्याची किंमत रक्षकाला प्राणांनी द्यावी लागते.